उलटा ओघळ

१

वगीहला जमिनीखालच्या खड्ड्यातून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. कुशीवर पडलेला, हातात तांब्याच्या नळीचा तुकडा, चेहरा दुपारची डुलकी काढणाऱ्या माणसाचा. डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडून गेला. पोलिस म्हणाले, सासऱ्याच्या हातून गेला.

सासरा म्हणाला, हो, माझ्याच हातून गेला.

मी विमा कंपनीची तपासनीस, इन्साफ. आमच्या साहेबांनी फाइल टेबलावर टाकली आणि वर न बघताच म्हणाले, "कबुलीजबाब आहे. एक चक्कर मारा, 'मजुराची चूक' असं लिहा आणि या."

मला कुणी 'एक चक्कर मारा' म्हटलं की माझं डोकं सणकतं. या कामात माझे केस पांढरे झाले, गुडघे गेले, आणि या माणसाला वाटतं मी समुद्रावर फिरायला निघाले आहे. मी फाइल काखोटीला मारली आणि ट्रामने थेट पोलिस चौकी गाठली.

बय्यूमी कोठडीच्या कोपऱ्यात बसला होता. नळ्या जोडणाऱ्या टोळीचा मुकादम, सगळी अलेक्झांड्रिया त्याला 'रय्यिस' म्हणते. धिप्पाड गडी, पण खांदे पार उतरलेले. तो आपल्या हातांकडे एकटक बघत होता. नखांच्या कडेकडेने लाल रंग बसला होता.

"रय्यिस, काय झालं ते सांगा."

"काय सांगू मादाम? माझ्या पोरीला, अवातिफला, मीच विधवा केलं."

हळूहळू तो बोलता झाला. मीनत-अल-बस्सलमधल्या कापसाच्या जुन्या गोदामात एका जहाज कंपनीने कंप्युटरची मोठी खोली बांधायला घेतली होती. तिथे हवा थंड राखणारी कपाटाएवढी यंत्रं बसवायचं काम चालू होतं. घरच्या एसीचं हे काम नव्हे. खोलीची थंडी आणि हवेतली ओल दोन्ही रात्रंदिवस काट्यावर धरून ठेवायची. आपण माणसं उकाड्याने मेलो तरी चालेल, कंप्युटरला घाम फुटता कामा नये. नळ्या जोडून झाल्या की त्यांतून नायट्रोजन सोडतात, आतला कचरा उडवायला. नायट्रोजनला ना रंग ना वास. मोकळ्यावर तो कुणाचं काही बिघडवत नाही. खड्ड्यात भरला की मात्र तिथली हवा हाकलून देतो, आणि माणूस 'अरे' म्हणायच्या आत आडवा होतो.

"वगीह सात नंबरच्या यंत्राखाली उतरला होता," बय्यूमी म्हणाला. "सातची नळी त्याच्या तोंडापाशी उघडी. मला आठमधून गॅस सोडायचा होता, आठचं तोंड बाहेर अंगणात काढलेलं. दुपारच्या नमाजानंतर आठ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोळात गेलो आणि व्हॉल्व्ह उघडला."

"कुठला?"

"आठ. आठच वाचला होता मी!" तो एकदम ओरडला, मग आवाज बसला. "पण ओरड ऐकून खोलीकडे धावलो, परत येऊन पाहिलं तर उघडा व्हॉल्व्ह सातच्या पाटीखाली. म्हातारे डोळे. दुसरं काय?"

"पाट्या कुणी रंगवल्या होत्या?"

"मीच, त्याच सकाळी. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून चकत्या केल्या, मधोमध एकेक खिळा ठोकला आणि भिंतीवरच लाल रंगाने आकडे काढले. झटपट वाळणारा रंग." तो पुन्हा नखांकडे बघायला लागला. "त्या दिवशी नमाजही चुकली. अंगणातल्या नळापाशी माझी रॉकेलची बाटली असते, ती कुणीतरी उचलून नेली. नखांवरचा रंग निघेना, मग नमाजाआधी हातपाय धुवायचे, तो वुजू कसा करणार? तसाच बसून राहिलो. म्हणूनच हा घात झाला. अल्लाने तोंड फिरवलं."

बाहेर व्हरांड्यात त्याची मुलगी अवातिफ उभी होती, नखशिखांत काळ्या कपड्यांत. मी म्हटलं, "आत जाऊन भेट ना बापाला."

"मला बाप नाही," ती म्हणाली. पाणी प्यावं तितक्या सहज.

उद्या सकाळी बय्यूमीला सरकारी वकिलापुढे उभं करणार होते. तुरुंगाचं त्याला काहीच वाटत नव्हतं, ते मला दिसत होतं. बाहेरचं हे वाक्य त्याने ऐकलं होतं आणि तो तिथेच संपला होता.

मी जायला निघाले तेवढ्यात अवातिफने माझी बाही धरली. "वगीह आदल्या दिवशी एक विचित्र गोष्ट बोलला होता. म्हणाला, नव्याकोऱ्या किटलीत चुन्याचा थर कसा असेल गं?"

२

ती खोली मला पहिल्या पावलापासूनच आवडली नाही.

बाहेर जुलैची काहिली आणि आत थडग्यातला गारवा. जमीन खरी नव्हेच. लोखंडी पायांवर मांडलेल्या चौकोनी फरशा, त्यांच्याखाली कापूस दाबायच्या जुन्या यंत्राचा खोल खड्डा. भोकं पाडलेल्या फरशांतून गार वारा वर येऊन झग्याखाली शिरत होता. चालू असलेल्या यंत्रांचा घरघराट एवढा, की शेजारी कुणी मेलं तरी कळू नये. आणि तसंच तर झालं होतं.

खोलीचा प्रमुख शुक्री भर जुलैत गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून बसला होता. काडीसारखा माणूस, नाक सतत ओढतोय.

"मादाम, लवकर काय ते आटपा. मला इथे सर्दी होते, डोकं दुखतं, आणि आता तर झोपही उडाली."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"नमाजाला. वरच्या मजल्यावर जिन्यापाशी आम्ही चटया टाकतो. तीही धड झाली नाही! शेजारी हातिमसाहेब उभे, त्यांच्या हातांना रॉकेलचा भपकारा. सज्द्याला खाली वाकलो की नाकात रॉकेल. देवाचं नाव घेऊ की शिंकू?"

"हातिमसाहेब म्हणजे यंत्रं पुरवणारे?"

"हो, तेच. मोठा माणूस. काय बोलणार मी?"

"बरं. ही यंत्रं ताब्यात घेताना सही कुणाची?"

त्याने मफलर घट्ट केला. "माझी," तो पुटपुटला. "का हो?"

संशयाची पहिली खूण मी त्याच्याच नावावर केली.

यंत्रांच्या कारखान्याने दिदिए नावाचा एक फ्रेंच फिटर पाठवला होता. तो अपघाताच्या आदल्याच दिवशी पोचला होता. त्याचं अरबी ऐकलं की हसावं की रडावं कळत नसे. मी त्याला विचारलं, बोळातले व्हॉल्व्ह तू पाहिलेस का?

"मी पाहतो, हो. मला वाटतो, बाण. एक बाण खाली, एक बाण वर. मी विचार करतो, गॅस खाली जातो, गॅस वर जातो."

"बाण? अरे देवा! ते आमचे अरबी सात आणि आठ आहेत, बाबा!"

"सात, आठ?" त्याने हवेत बोटाने दोन कोन काढले, एक खाली टोकाचा, एक वर टोकाचा. "सारखाच आहे ना. फक्त डोकं खाली, पाय वर."

मी हसले. तेव्हा हसले, हे आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मी त्याला सात नंबरच्या यंत्राचं झाकण उघडायला लावलं. हवा कोरडी पडली तर वाफ सोडायला या यंत्रांत पाणी उकळणारा एक ट्रे असतो. दिदिएने शीळ घालत तो बाहेर ओढला आणि शीळ तिथेच थांबली. ट्रेच्या तळाला पांढरा, खरखरीत थर होता, जुन्या किटलीत धरतो तसा.

"हे नवीन नाही," तो हळूच म्हणाला. "हे खूप वर्षं पाणी पितो. कोणीतरी बाहेरून रंग देतो."

म्हणजे जुनी यंत्रं रंगवून नवी म्हणून इथे खपवली होती, आणि वगीहने ते ओळखलं होतं. कुणाला तरी वगीह नको झाला होता, हे मला लख्ख कळलं. पण गॅस तर बय्यूमीने सोडला होता, स्वतःच्या हाताने!

मी खड्ड्याच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि खाली वाकले. आत काळोख, नळ्यांचं जाळं, आणि ओलसर गारठा. एवढ्यात कानाशी कुणीतरी बोललं.

"इतकं खाली वाकू नका, मादाम. तिथली हवा चांगली नसते."

३

मी दचकून वर पाहिलं. हातिम उभा होता. पांढरा शुभ्र शर्ट, चकचकीत बूट, हातात जपमाळ. मला उठवायला त्याने हात पुढे केला. मी नको म्हटलं आणि आपली आपण उठले, गुडघ्यांनी शिव्या घातल्या तरी.

त्याने मला वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत नेलं, पुदिन्याचा चहा मागवला. बोलणं गोड, पुदिन्याहून गोड.

"वगीह गुणी पोरगा होता. रय्यिस बय्यूमीही देवमाणूस. पण वय झालं, मादाम. मी त्यांना कितीदा म्हटलं, चष्मा लावा."

"त्या दिवशी तुम्ही खाली बोळात गेला होतात?"

"मी? छे! त्या कळकट बोळात माझं काय काम? सकाळी इथेच कागद बघत होतो. मग नमाज, मग याच टेबलावर कलेजीचं सँडविच. ओरडा ऐकून सगळ्यांमागे खाली धावलो."

"सगळ्यांमागे?"

"धावण्यात मी पहिल्यापासून कच्चा," तो हसला.

"आणि वगीहला सात नंबरवर कुणी उतरवलं होतं?"

"काम होतं ते, मादाम. कुणीतरी उतरणारच."

मी चहा तसाच ठेवला आणि एकटीच बोळात गेले. अरुंद, उंच बोळ. एका भिंतीला नायट्रोजनच्या टाक्या साखळीने बांधलेल्या, समोरच्या भिंतीवर व्हॉल्व्हची ओळ. दोन्ही टोकांना दारं. त्यातलं एखादं लोटून कुणी टाकीची तोटी उघडली असती तर माझाही वगीह झाला असता. मी दोन्ही दारं सताड उघडली आणि त्यांत विटा लावल्या. भीती वाटते तेव्हा मी ती वाटू देते, उगाच वाघीण होत नाही.

मग पाट्या पाहिल्या. पत्र्याच्या चकत्या, मधोमध एकेक खिळा, त्यावर लाल आकडे. सातच्या जागी सात होता, आठच्या जागी आठ. सगळं जिथल्या तिथे.

माझे वडील रंगारी होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत कितीतरी भिंती पाहिल्या आहेत. बय्यूमी काही रंगारी नव्हे, त्याने ब्रश भरभरून मारला होता. प्रत्येक आकड्याखाली रंगाचा ओघळ आला होता. एक, दोन, तीन... सहापर्यंत ओघळ खाली. नऊचाही खाली.

सात आणि आठचे ओघळ आकड्यांवरून वर गेले होते. छताकडे.

भिंतीवर रंग वर कधी चढतो का?

मी आठच्या पाटीची कड धरली आणि फिरवली. एका खिळ्यावरची चकती ती, गर्रकन फिरली. आठाचा सात झाला आणि ओघळ मुकाट्याने खाली आला. सात फिरवला, त्याचा आठ झाला. डोकं खाली, पाय वर.

बाई गं! त्या फ्रेंच माणसाने सगळं माझ्या हातावर आणून ठेवलं होतं आणि मी त्यालाच हसले होते.

४

मी सगळ्यांना बोळात बोलावलं. शुक्री, दिदिए, हातिम, आणि चौकीवरचा एक हवालदार. हवालदार पहिल्यापासून कुरकुरत होता. "कबुली झाली, मादाम. आता काय बोळाची पूजा करायची?"

"तुम्ही फक्त भिंतीकडे बघा," मी म्हटलं. "रय्यिसने या चकत्या भिंतीवरच रंगवल्या, म्हणून ओघळ खाली यायला हवेत. इतर सगळ्यांचे आले. या दोघांचे वर गेलेत. का? कारण रंग ओला असतानाच कुणीतरी या दोन चकत्या उलट्या फिरवल्या. ओघळ त्या उलट्या अवस्थेत आला आणि तसाच वाळला. त्यानंतर कुणीतरी त्या पुन्हा सुलट्या केल्या. आकडे जागेवर आले. ओघळ येणार कुठून?"

हवालदाराने टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"म्हणजे बय्यूमी खोटं बोलला नाही आणि चुकलाही नाही. त्याने आठ वाचला, आठ उघडला. त्या वेळी सातच्या व्हॉल्व्हवर उलटा केलेला सात आठ म्हणून दिसत होता. सगळे खाली खोलीकडे धावले तेव्हा कुणीतरी मागे राहिला आणि दोन बोटांत पाट्या जागेवर आणल्या."

"पण हे बय्यूमीनेच कशावरून केलं नाही?" शुक्रीने नाक ओढत विचारलं.

"त्याला सात उघडायचा असता तर त्याने सरळ सात उघडला असता. पाट्या फिरवायची गरज कुणाला? ज्याला दुसऱ्याच्या हातून उघडून घ्यायचा होता, त्याला. दिदिएला आमचे आकडे वाचताच येत नाहीत, तो बाण समजतो. बाण फिरवून बय्यूमी फसेल हे त्याला सुचणार कसं? उरले दोघं. ज्याने जुनी यंत्रं विकली तो, आणि ज्याने ती सही करून घेतली तो."

शुक्रीचा चेहरा मफलरइतका राखाडी झाला. "मी... मी फसलो, मादाम! अल्लाची शपथ, मला ट्रे कसा दिसतो तेही माहीत नाही!"

"ते मला तुमच्या नाकाने आधीच सांगितलंय," मी म्हटलं आणि हातिमकडे वळले. "हातिमसाहेब, त्या दुपारी नमाजाआधी तुम्ही रॉकेल कशाला वापरलंत?"

जपमाळ थांबली, पण क्षणभरच. "ओह, ते! पेन गळत होतं. हाताला शाई लागली, वुजू करायचा होता म्हणून काढली. इतकी साधी गोष्ट."

शुक्रीने हळूच मान वर केली. हवालदारानेही. हे दोघं रोज पाच वेळा हात धुणारे.

"शाईने वुजू अडत नाही, साहेब," शुक्री म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच स्पष्ट होता. "शाई कातडीत मुरते. पाण्याला आड येतो तो रंग. रंगाचा पापुद्रा."

"माझे वडील प्रत्येक नमाजाआधी नखं रॉकेलने घासायचे," मी म्हटलं. "शाईचे डाग मात्र ते तसेच ठेवायचे. त्या सकाळी या इमारतीत ओला रंग एकाच ठिकाणी होता, या पाट्यांवर. आणि रय्यिसची बाटली अंगणातून नाहीशी झाली, ती तुमच्या वरच्या न्हाणीघरात बेसिनखाली मिळाली. मीच आता शोधून आणली. ही बघा."

हातिमने बाटलीकडे पाहिलं. तिच्या गळ्यावर लाल बोटाचा ठसा वाळला होता. मग त्याने दाराकडे पाहिलं, तिथे हवालदार उभा होता.

"ठसा बय्यूमीचाही असेल," तो म्हणाला.

"मग तपासू की. घाई कशाला?"

गोडवा उतरला होता. तो भिंतीला टेकला आणि त्या दोन पाट्यांकडे बघायला लागला. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला, आणि तेही जणू स्वतःची बाजू मांडतोय अशा सुरात.

"नमाज मी कधी चुकवली नाही."

खाली खड्ड्यात एक पोरगा मरणार आहे हे ठाऊक असताना हा माणूस वर नखं घासत होता, वुजू बिघडू नये म्हणून. इतकी वर्षं मी चोर, लबाड, मारेकरी पाहिले, पण घृणा अशी कधी आली नव्हती.

५

चौकीत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मी पत्र्याची ती चकती सोबत आणली होती, हवालदाराची विनवणी करून. अवातिफला हाताला धरून आत घेऊन आले. ती दाराशीच थांबली, बापाकडे पाठ करून.

"रय्यिस," मी म्हटलं, "हा तुमचा आठ. ओघळ बघा कुठे गेलाय."

त्याने चकती हातात घेतली. बघितलं. फिरवली. पुन्हा फिरवली.

"रंग वर चढत नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही चढत. तुम्ही आठ वाचलात आणि आठच उघडलात. डोळे तुमचे शाबूत आहेत. फिरवणारा दुसराच निघाला, तो आता पलीकडच्या खोलीत बसलाय."

मला वाटलं होतं तो रडेल. तो रडला नाही. त्याने चकती मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून नखांकडे पाहिलं, मघासारखंच. "पण तोटी तर मीच फिरवली, मादाम. हात हेच."

माझं काम पुरावा शोधायचं, आणि पुरावा तिथे संपला होता. मी अवातिफकडे पाहिलंही नाही, पाहवलं नाही.

मग मागे पावलं वाजली. अवातिफ आली आणि बापासमोर जमिनीवर बसली. तिने माझ्या पिशवीतली रॉकेलची दुसरी, नवी बाटली काढली. रस्त्यातल्या दुकानातून मी ती घेतली होती, का ते मलाही नीट माहीत नव्हतं. तिने ओढणीचं टोक भिजवलं आणि बापाचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"किती वाजले, बाबा?" ती म्हणाली, नखं घासता घासता. "मगरिबची नमाज जाईल की तुमची. दुसरा हात आणा."